आमची वाटचाल : मागच्या अंगणातलं काळं बोनेट

गाड्यांचा रंग धुऊन, पॉलिश करून वॅक्स लावण्याचं आमचं वर्कशॉप आहे. त्याच्या मागे, छप्पर नसलेल्या जागेत, लोखंडी घोडीवर एक काळं बोनेट ठेवलेलं आहे. अपघातात एका बाजूला चेपलेलं, भंगारात निघालेलं. त्यावर टेप लावून सात उभे पट्टे आखलेत. सहा पट्ट्यांवर रंग राखणारी वॅक्ससारखी सहा वेगळी उत्पादनं लावलेली आहेत, सातवा कोरा. दर सोमवारी सकाळी मी किंवा माझा धाकटा भाऊ ते बोनेट धुतो, त्यावर पाणी मारतो आणि प्रत्येक पट्ट्यावर पाणी कसं वागलं ते वहीत लिहितो. कामावर नवा मुलगा आला की पहिला आठवडा त्याला मशीन हातात मिळत नाही, हे बोनेट मिळतं. आमचा धंदा खऱ्या अर्थाने कधी सुरू झाला असं कोणी विचारलं, तर मी या बोनेटपासूनच मोजतो.

त्याआधीची काही वर्षं आम्ही फक्त चकाकी विकली. दोघं भाऊ, एक बफिंग मशीन, दोन बादल्या आणि वॅक्सचे डबे. गाडी ताब्यात देताना गिऱ्हाईक बोनेटवर वाकून स्वतःचा चेहरा बघायचं, आणि त्या क्षणासाठीच आम्ही राबायचो. त्या काळात आमचा सगळा भरवसा कार्नौबावर होता. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर हे मेण तयार होतं. पानं वाळवली की ते पापुद्र्यांसारखं सुटतं. नैसर्गिक मेणांमध्ये हे सगळ्यात कठीण, ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारं. इतकं कठीण की नुसतं कार्नौबा हाताने गाडीवर पसरणं अशक्य. म्हणून डब्यात त्याच्यासोबत तेलं, मऊ मेणं आणि द्रावक असतातच. डब्यावर ‘शुद्ध कार्नौबा’ लिहिलेलं असलं तरी ते आतल्या मेणाबद्दल असतं, अख्ख्या डब्याबद्दल नसतं. ही साधी गोष्ट कळायलाही आम्हाला बराच वेळ लागला.

मग ती काळी गाडी आली. मालक वयाने मोठे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. गाडीवर धुण्याचे बारीक गोल ओरखडे होते, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे. आम्ही घाईत होतो. रंगाला नीट पॉलिश न करता वर ग्लेझ फिरवलं आणि त्यावर कार्नौबा. ग्लेझमधली तेलं आणि भरणी ओरखड्यांत बसतात, त्यामुळे ते बुजल्यासारखे वाटतात. गाडी आरशासारखी झाली आणि काका खूश होऊन गेले. पाच आठवड्यांनी ते सकाळीच आले, काही न बोलता मला बोनेटपाशी नेलं आणि उन्हाकडे तोंड करून उभं केलं. जाळं जसंच्या तसं परत आलं होतं. “हे आधीचेच ना?” एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. पैसे परत केले, पण त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही.

चकाकी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्यानंतर आम्ही पहिल्यांदा नीट विचारला. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. पृष्ठभाग सपाट असेल तर त्यावर पडलेला उजेड सरळ परत येतो, आणि तीच चमक. ओरखडे असतील तर उजेड चहूकडे विखुरतो, रंग धुरकट दिसतो. म्हणजे चमकेचं बहुतांश काम वॅक्सचा डबा उघडण्याआधीच झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं: धुण्यात, क्ले, म्हणजे मातीच्या गोळ्यासारखी मऊ वडी, फिरवून चिकटलेले कण काढण्यात, पॉलिशमध्ये. वॅक्स त्यावर थोडी खोली आणि ओलेपणा आणतं, बस. आणि पॉलिशही हवं तितक्या वेळा करता येत नाही, कारण क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. पॉलिश म्हणजे तो थर घासून सपाट करणं, त्यामुळे प्रत्येक वेळी त्यातलं थोडं कायमचं जातं. तेव्हापासून रंगाची जाडी मोजणारं मीटर लावल्याशिवाय आम्ही मशीन सुरू करत नाही.

धडा शिकलो, पण लगेच दुसऱ्या टोकाला गेलो. टिकाऊपणा हवा म्हणून सगळ्या गाड्यांना सीलंट, म्हणजे वॅक्सच्या जागी लावायचा कृत्रिम पॉलिमरचा थर, लावायला लागलो. कार्नौबा उघड्यावर काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतं. चांगलं सीलंट चार ते सहा महिने काढतं. हिशेब सरळ वाटला. पण पहिल्याच काही गाड्यांवर सीलंट तीन आठवड्यांत उतरलं. माल खोटा निघाला असं आम्हाला वाटलं, पण दोष आमचाच होता. रंगावर जुन्या वॅक्सचा थर होता आणि सीलंट त्या वॅक्सला धरून बसलं होतं. वॅक्स गेलं तसं तेही गेलं. सीलंटला उघडा रंग लागतो. आधी पॉलिशचं तेल आणि जुनं मेण पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचं, मग पातळ थर द्यायचा, मग डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत त्याला पाणी लागू द्यायचं नाही. हे पाळलं तेव्हा ते टिकलं. तरी गडद लाल गाडी असलेल्या एका ताईंनी सांगितलं की पूर्वीसारखा रंग आता ‘भरलेला’ वाटत नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. सीलंटची चमक काचेसारखी, कडक. कार्नौबाची ओलसर, ऊबदार. गडद रंगावर हा फरक डोळ्यांना दिसतो. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर मला स्वतःला आजही ओळखता येत नाही.

त्या सुमारास बोनेट घोडीवर चढलं, कारण ऐकीव गोष्टींवर आणि डब्यांवरच्या आकड्यांवर आमचा विश्वास उरला नव्हता.

बोनेटने शिकवलेली सगळ्यात मोलाची गोष्ट पाण्याच्या थेंबांबद्दल आहे. पाणी गोल थेंबांत जमतंय म्हणजे वॅक्स शाबूत, पसरतंय म्हणजे संपलं, असंच सगळे धरून चालतात. आम्हीही तेच धरायचो. सुरुवातीला आम्ही बोनेट धूत नव्हतो, नुसतं पाणी मारायचो. चौथ्या पट्ट्यावर सातव्या आठवड्यात थेंब बनेनासे झाले, म्हणून वहीत ‘गेलं’ लिहून टाकलं. पुढच्या सोमवारी भावाने सहज म्हणून तो पट्टा सौम्य शाम्पूने नीट धुतला, आणि थेंब परत आले. वॅक्स होतंच, त्यावर धूळ आणि धुराची चिकट पुटं चढली होती. त्या दिवसापासून आधी धुवायचं, मग तपासायचं. त्याआधी किती गाड्यांना आम्ही गरज नसताना वॅक्स लावलं असेल, हा विचार अजून टोचतो.

थेंबांची दुसरी बाजूही तिथेच दिसली. जड पाण्याचा टपोरा थेंब उन्हात जागच्या जागी सुकला की क्षारांचा पांढरा गोल डाग मागे राहतो. ज्या पट्ट्यावर थेंब सगळ्यात देखणे, त्यावर डागही सगळ्यात जास्त. जी गाडी दिवसभर उन्हात उभी असते आणि जिच्यावर बागेच्या पाण्याचे फवारे उडतात, तिच्यासाठी पाणी चादरीसारखं सरकवून टाकणारं सीलंट बरं. फोटोत ते कमी दिसतं, पण रंगाला मानवतं.

आता गिऱ्हाईकाने “सगळ्यात भारी वॅक्स कोणतं?” विचारलं की आम्ही डबा दाखवत नाही, उलट विचारतो. गाडी रात्री कुठे उभी असते? धुतं कोण, आणि कशाने? हा दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कडक साबणाने किंवा भांड्यांच्या लिक्विडने दर आठवड्याला धुतलेल्या गाडीवर कोणतंही वॅक्स फार दिवस तग धरत नाही. रंग कोणता? आणि स्वतः हाताने वॅक्स लावायला आवडतं का? गाडी उघड्यावर असेल, मालकाला वेळ नसेल, तर सीलंट. गडद रंग, छताखालची गाडी आणि दीड-दोन महिन्यांनी एक सकाळ काढणारा मालक असेल, तर मनापासून कार्नौबा. दोन्ही हवं असेल तर आधी सीलंट, ते पूर्ण बसल्यावर वरून कार्नौबा. हा क्रम उलटा चालत नाही, का ते आम्ही किंमत मोजून शिकलोय.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर घट्ट बसणारा कडक थर, तेही आम्ही करतो. ते वर्षभर आणि त्याहून जास्त टिकतं, पण त्याआधी रंगाचं काम शंभर टक्के झालेलं लागतं. खाली राहिलेला ओरखडा कोटिंगखाली तसाच बंद होतो आणि तो काढायचा तर कोटिंगच घासून उतरवावं लागतं. घाईच्या गाडीला आम्ही ते लावत नाही. नुकत्याच रंगवून आणलेल्या गाड्याही परत पाठवतो. नव्या रंगातले द्रावक उडून जायला वेळ लागतो, तोवर वर काही लावू नये. ३० दिवस की ९०, ते रंग बनवणाऱ्याच्या सूचनेवर.

काका आजही येतात. ओरखड्यांच्या त्या प्रकारानंतर वर्षभराने आले, तेव्हा आम्ही त्यांची गाडी दोन दिवस ठेवून घेतली, मीटर लावून जिथे जेवढा रंग होता तेवढंच पॉलिश केलं, आणि दोन ओरखडे खोल होते म्हणून मुद्दाम सोडले. ते दोन्ही त्यांना बोट ठेवून दाखवले. आता दर दोन महिन्यांनी ते शनिवारी सकाळी आमच्या शेडमध्ये गाडी लावतात, बोनेटवर हाताचा उलटा पंजा टेकवून पत्रा गार आहे ना ते बघतात, आणि डब्यातून नखभर कार्नौबा घेऊन स्वतः लावतात. एका वेळी एकच भाग. लावलं की थांबतात, बोटाने एक रेघ ओढून मेण वाळलं का ते पाहतात, मग मऊ मायक्रोफायबरने अलगद पुसतात. त्या दोन ओरखड्यांपाशी त्यांचा हात थोडा सावकाश होतो. आमचा नवा मुलगा गेल्या शनिवारी तासभर त्यांच्या शेजारी उभा राहून बघत होता. सोमवारी त्याने वहीत सातही पट्ट्यांच्या नोंदी पहिल्यांदाच कोणाला न विचारता भरल्या.