खालून बघायचं

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, पहिल्याच जोरदार पावसात, आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीचा गुलमोहर आडवा झाला. हे झाड मूळचं मादागास्करचं. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, त्यामुळे ठाण्यात दर पावसाळ्यात दोन-चार तरी लोळण घेतातच. फांद्या गेल्या, पण खोडाचा एक ओंडका पंपाच्या खोलीमागे राहिला. "उद्या नेतो" म्हणून गेलेली माणसं फिरकली नाहीत. माझी चंगळ झाली.

दिवाळीच्या सुमारास त्याच्या सालीवर नखाएवढे पांढरट पंखे दाटीवाटीने उगवले. काकूंनी लांबूनच निकाल दिला, "कुत्र्याच्या छत्र्या! हात नको लावूस." आपली वर्गवारी स्वयंपाकघरातली. खाता येतं ते अळंबी, येत नाही ती कुत्र्याची छत्री, आणि लोणच्यावर आली की बुरशी. कवक हा शब्द शाळेतच राहिला.

ओळख पटवायची तर वरून बघून काही कळत नाही, उलटं करावं लागतं. खाली पाती आहेत, बारीक भोकं आहेत की नुसतं गुळगुळीत आहे, ते आधी पाहायचं. आजोबांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन मी उकिडवा बसलो आणि एक पंखा उलटा केला. पाती होती, करड्या-गुलाबी रंगाची. पण प्रत्येक पातं लांबीत मधोमध चिरलेलं, चिमटीने उसवल्यासारखं. यावरूनच त्याचं नाव पडलंय, स्किझोफायलम, म्हणजे चिरलेलं पान. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी ते १८१५ साली दिलं. मणिपूरमध्ये हेच कांगलायेन म्हणून आवडीने खातात, पण काकूंना सांगायची सोय नव्हती.

दोन पंखे काडेपेटीत ठेवले आणि विसरलो. मे महिन्यात सापडले तेव्हा वाळून टणक झाले होते, चिरलेल्या पात्यांच्या कडा बाहेर वळून खालचा भाग झाकून बसलेल्या. वाटीभर पाण्यात टाकले. संध्याकाळपर्यंत कडा सरळ झाल्या, पाती पुन्हा उघडली. याच्यात लग्न जमण्याच्या दृष्टीने २३ हजारांहून अधिक जाती आहेत. आपली सोडून बाकी जवळजवळ कुठलीही चालते. वधूवर सूचक मंडळं बंदच पडतील.

या पावसाळ्यात ओंडका भरात आला. एका बाजूला काळे, कोळशासारखे गोळे आले. कुणीतरी शेकोटी केली असावी असंच वाटलं. एक फोडला तर आत करड्या-काळ्या रंगाची गोल वर्तुळं, एकात एक, आणि बोटांना काजळी. हा डाल्डिनिया. (तुपाच्या डब्याशी संबंध नाही.) मधे एक मऊ, तपकिरी टोपीची छत्रीही आली. तिची टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकली. सकाळी कागदावर किरणांसारख्या तांबूस रेघा उमटल्या होत्या, बीजाणूंच्या. हा रंग ओळखीसाठी फार कामाचा. वाटी मात्र आईने कायमची माझ्या नावे केली.

ऑगस्टमध्ये सेक्रेटरी काकांचा आवाज आला, "पिठलं कुणी ओतलंय इथे?" खरंच पिठल्यासारखंच होतं, पिवळंधमक, फेसाळ. दुसऱ्या दिवशी ते वीतभर पुढे सरकलेलं. ही बुरशी नव्हेच. स्लाइम मोल्ड म्हणतात याला. जिवाणू, बीजाणू गिळत हळूहळू सरपटतं, मग एका जागी बसून वाळतं आणि आत काळपट भुकटी होते. कवकांच्या पुस्तकात त्याला जागा मिळते ती शेजारी म्हणून.

मला सगळ्यात उशिरा सुचलं ते लाकडाकडे बघायचं. छत्री म्हणजे नुसतं फळ. खरा कारभार आतल्या तंतूंचा. काही कवकं लिग्निनही, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा भागही, खातात, मग लाकूड फिकं, तंतुमय, भिजल्या स्पंजासारखं होतं. काही सेल्युलोज, म्हणजे लाकडातला तंतूंचा भाग, संपवतात आणि लिग्निन बरंचसं सोडतात, मग लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तडकतं. आमच्या न्हाणीघराच्या चौकटीचा खालचा भाग असाच, बर्फीच्या वड्या पाडल्यासारखा. तिथे एकही छत्री कधी दिसली नाही. सुतार नुसता म्हणाला, "ओल आहे."

सप्टेंबरात अखेर माणसं आली. दोघांनी ओंडका उचलला आणि तो मधोमध गळूनच पडला. आत पांढऱ्या तंतूंचं जाळं, आणि पावसाळ्यातल्या माळ्यावर येतो तसा वास. टेम्पोवाला घाई करत होता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, जमिनीवरचा सालीचा एक तुकडा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच उलटा केला.

"हे रे कुठलं?"

"माहीत नाही काका. भिंग आणतो, थांबा."