मोंबासाहून आलेली मोडी पत्रं लावताना : माझा अनुभव

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या मित्राची पत्रं निघाली. १८९६ मध्ये युगांडा रेल्वेचं काम सुरू झालं तेव्हा हा मित्र कारकून म्हणून मोंबासाला गेलेला. सगळा मजकूर मोडीत. मी मोडीचा क्लास केलाय, तरी पहिल्या पानाला घाम फुटला, कारण मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि ह्या गृहस्थांचं अक्षर म्हणजे बोट सुटायच्या घाईतलं. 'स. न. वि. वि.' तेवढं लगेच ओळखू आलं, मग त्यावरून त्यांचे स, न, व पकडले आणि हळूहळू पुढे सरकलो.

फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. फाटलेल्याला सेलोटेप तर अजिबात लावू नका. घरातल्या कुणीतरी तिकिटांसाठी पाकिटं कातरली होती, त्यात शिक्के गेले ते गेलेच.

खरी डोकेफोड क्रम लावायची. शके १८१९ म्हणजे ७८ मिळवून १८९७, पण माघातलं पत्र १८९८ मध्ये जातं, तिथे ७९ मिळवायचे. आणि एवढं करूनही संभाषण जुळत नाही! १८९७ ला पुण्यात प्लेग, रँडच्या तपासण्या, लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहतायत, आणि हे आपले जुलैत विचारतात की सोल्जर अजून घरात शिरतात का. तोवर इकडे तपासण्या थांबून २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळ्याही झाडून झालेल्या. त्यांच्या हातात पणजोबांचं जुनंच पत्र होतं, मधे अख्खा अरबी समुद्र.

मग एक्सेलमध्ये एक जास्तीचा कॉलम केला. ते प्रत्येक पत्र 'आपले अमुक मितीचे पत्र पावले' असं सुरू करतात, ती मिती तिथे टाकत गेलो. त्यामुळे पणजोबांची पत्रं एकही हाताशी नसताना त्यांनी कधी कधी लिहिलं ते कळलं, कधी चिडून लिहिलं असावं तेही (पैसे उसने दिले होते बहुतेक).

एका कागदावर मितीच नव्हती. त्यात लिहिलंय की लाइनवर सिंह कुलींना ओढून नेतात, माणसं पळाली, काम बंद आहे. ह्याच रेल्वेच्या कामावर त्सावो नदीपाशी माणसं खाणारे ते दोन सिंह डिसेंबर १८९८ मध्ये मारले गेले, आणि ह्यांना ते मेल्याचा पत्ता नाही, म्हणून तो कागद त्याच्या आधी लावून टाकला.