मानमोडीच्या लसीची ताकद

कोंबड्यांच्या मानमोडीवरची, म्हणजे राणीखेतवरची लासोटा लस तपासायला आली की बाटलीवरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. लस दहापट-दहापट पातळ करत जायची, दर पायरीला पिपेटची नवी टिप (यात कंजुषी केली की सगळा हिशेब चुकतो), आणि ९-१० दिवसांच्या रोगमुक्त फलित अंड्यांत ०.१ मिली टोचायची. पहिल्या २४ तासांत मेलेले भ्रूण धरत नाही. ते बहुधा टोचण्याच्या इजेने गेलेले असतात.

लासोटातला जिवंत विषाणू सौम्य असतो. भ्रूण जिवंत दिसला म्हणून विषाणू वाढलाच नाही असं नसतं. म्हणून शेवटी प्रत्येक अंड्यातला द्रव कोंबडीच्या तांबड्या पेशींबरोबर प्लेटमध्ये ठेवते. विषाणू नसेल तर पेशी तळाशी ठिपक्यासारख्या गोळा होतात, प्लेट तिरकी केली की ओघळतात. असेल तर तळभर पातळ थर पसरतो. मग रीड-म्युएंच यांच्या १९३८च्या पद्धतीने निम्मी अंडी बाधित करणारी मात्रा काढायची, म्हणजेच ईआयडी-५०.

दर डोसमध्ये अशा मात्रा १० चा सहावा घात, म्हणजे दहा लाख, तरी भराव्यात. परसात चार कोंबड्या पाळणारी बाई हा आकडा कधी बघणार नाही, पण तिची पिल्लं त्याच्याच भरवशावर असतात. निकाल काठावर आला की कितीही घाई असो, मी अंडी पुन्हा लावते.