ऐकल्याचा पुरावा

शॉर्टवेव्हवर परदेशी स्टेशनं शोधणारा माणूस घरच्यांना जरा वाया गेलेलाच वाटतो. नुसती खरखर, मधूनच शिट्टी, आणि हा कानाला रेडिओ लावून वहीत टिपणं काढतोय. ती टिपणं क्यूएसएल कार्डासाठी. आपण स्टेशनला रिपोर्ट पाठवायचा, त्यांनी तो पडताळायचा आणि ‘होय, तुम्ही ऐकलंत ते आम्हीच’ असं सांगणारं चित्रकार्ड टपालानं धाडायचं.

‘ऐकलं, छान वाटलं’ एवढ्यानं मात्र भागत नाही. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमाचा तपशील, सगळं हवं. वेळही जागतिक प्रमाणवेळेत. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून रात्री आठला ऐकलेलं कागदावर 14.30 होतं. पहाटे पाचला ऐकलं तर तारीख आदल्या दिवसाची. थंडीत उठायचं आज आणि जमा कालच्या खात्यावर!

तपशिलाची गंमत अशी की गाणं लागलं की पंचाईत. परक्या भाषेतल्या गाण्याबद्दल लिहिणार काय? त्यापेक्षा रटाळ भाषण उत्तम, त्यात नावं आणि आकडे असतात. रेडिओ मॉस्कोवरची पोलादाच्या उत्पादनाची माहिती मी ज्या एकाग्रतेनं ऐकली आहे, तेवढ्या एकाग्रतेनं ती खुद्द मॉस्कोत कुणी ऐकली असेल असं वाटत नाही.

मग सिन्पो. सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, वातावरणातला गोंगाट, आवाजाची चढउतार आणि एकूण दर्जा, अशा पाच गोष्टींना एक ते पाच गुण. पाच म्हणजे उत्तम. इथे आपल्याकडच्या बऱ्याच श्रोत्यांचा हात सढळ सुटतो. पाहुण्यांकडची आमटी खारट झाली तरी आपण ‘फक्कड’ म्हणतो, त्या चालीवर 55555 ठोकून द्यायचं. स्टेशनच्या इंजिनियरला खरं तर आपल्यावर कोण कुरघोडी करतंय ते हवं असतं. 32332 लिहिणारा त्याच्या जास्त उपयोगाचा.

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस या पडताळणीच्या भानगडीत पडत नसे. म्हणजे आपल्याकडे सर्वात सहज लागणाऱ्या स्टेशनांपैकी एक, आणि नेमकं त्याचंच कार्ड नाही. उलट इक्वाडोरच्या किटो शहरातलं एचसीजेबी हे मिशनरी स्टेशन कार्डं अगदी हौसेनं पाठवी. रेडिओ मॉस्को आणि व्हॉइस ऑफ अमेरिका एकमेकांना पाण्यात पाहत. श्रोत्याशी मात्र दोघंही सारख्याच अदबीनं वागत.

कार्डावर ट्रान्समीटरचं ठिकाण छापलेलं असलं की संग्राहक खूश. त्यात कधी कधी भ्रमनिरास होतो, ही गोष्ट वेगळी. जर्मनीचं डॉयचे वेले खणखणीत लागलं म्हणून छाती फुगवावी, तर ते श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीहून येत असायचं. रेडिओ नेदरलँड्सचा आवाज मादागास्करमार्गे यायचा. ‘मग तू हॉलंड ऐकलंस की आफ्रिका?’ असं दादानं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, दोन्ही.

आता स्टेशनंच कमी झाली. स्विस रेडिओ 2004 मध्ये शॉर्टवेव्हवरून गेला, रेडिओ नेदरलँड्स 2012 मध्ये, आणि कूकाबरा पक्ष्याच्या हसण्यानं ओळखू येणारा रेडिओ ऑस्ट्रेलिया 2017 च्या जानेवारीअखेर. रेडिओ रोमानियासारखे काही अजून तग धरून आहेत. कित्येक ठिकाणांहून कार्ड ईमेलनं येतं. ते मी छापून घेतो, पण तिकीट आणि शिक्का नसलेल्या कार्डाला मी मनातून निम्मेच गुण देतो.

शौकिनांमध्ये सध्या वेगळाच वाद रंगतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही फिरवता येतो. सांगलीत बसून त्यावर युरोपातलं बारकं स्टेशन स्वच्छ ऐकायचं आणि रिपोर्ट धाडायचा. पण ‘ऐकल्याचं ठिकाण’ या रकान्यात लिहायचं काय? काही जण बेधडक सांगली लिहितात. माझ्या मते ती चक्क लबाडी आहे. अँटेना जिथे, ऐकणं तिथलं. मग दादाच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर या नियमात कसं बसवायचं, हे मात्र विचारू नका.