‘आतलं’ काही का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नात, गणपतीत, परळ स्टेशनच्या जिन्यावर, जिथे गाठाल तिथे एकच प्रश्न: “टेंडर सेक्शनला आहेस, मग आपल्या माणसाला आतलं काही सांगत का नाहीस?”

दर मला आधी माहीत असतात, हा समज पहिल्यांदा काढून टाका. ऑनलाइन भरलेली निविदा नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्यांशिवाय उघडतच नाही. किमतीचा लिफाफा तर तांत्रिक छाननीत टिकलेल्यांचाच उघडतो. ‘आकडा फोडला असशील’ म्हणता, तेव्हा खरंच संताप येतो.

सांगण्यासारखं काही हाती असतं ते मधल्या दिवसांत. कागद उघडलेले असतात, निकाल लागलेला नसतो.

अण्णांचं तेव्हाच झालं. चाळीत शेजारचं दार त्यांचं. माझ्या वडिलांना रात्री केईएमला न्यायचं होतं तेव्हा टॅक्सीसाठी भर रस्त्यात आडवे उभे राहिलेले हेच अण्णा. त्यांनी आमच्याकडे वायरिंगच्या कामाची निविदा भरली. मी साहेबांना लेखी दिलं की हे माझ्या घरोब्यातले, मला छाननीतून वगळा. वगळलंही. पण निविदा उघडताना दुसरी सही माझी होती, त्यामुळे कागद डोळ्यांखालून गेले होते. अट नेहमीचीच: गेल्या सात वर्षांत पूर्ण केलेली तशीच कामं, अंदाजित खर्चाच्या 40 टक्क्यांची तीन, 50 ची दोन, नाहीतर 80 चं एक. अण्णांकडे 80 चं एक होतं. दाखल्यात मात्र ‘काम अंतिम टप्प्यात’. प्रत्यक्षात ते निविदेच्या आधीच संपलं होतं, आम्ही सगळ्या चाळीने त्याचे पेढे खाल्ले होते.

त्या आठवड्यात अण्णा गॅलरीत आले. “दर विचारत नाही रे. कागद कमी आहे का, एवढंच सांग.”

मी म्हणालो, “अण्णा, मला विचारू नका.”

ते थोडा वेळ कठड्याला धरून उभे राहिले, मग आत गेले. खुलासा मागायचा तर समितीने, तोही लेखी. समितीने मागितला नाही. अण्णा अपात्र ठरले आणि त्यांचा किमतीचा लिफाफा कुणीच पाहिला नाही. तो सगळ्यात कमी दराचा असेल का, हे वहिनी मला अजून विचारतात. अण्णा काहीच विचारत नाहीत, बोलतच नाहीत.

तेव्हा मी स्वतःला बजावायचो की मी गप्प बसलो म्हणून ओळख नसलेला बाकीचा प्रत्येक ठेकेदार सुरक्षित राहिला. आजही ते खोटं वाटत नाही. अण्णांना सांगितलं असतं तर ज्याचा शेजारी आमच्या सेक्शनला नाही, त्याने कुठे जायचं? पण तेव्हाच्या मला एक विचारावंसं वाटतं: समितीने खुलासा मागवावा म्हणून तू साहेबांकडे आग्रह का नाही धरलास? तो म्हणतो, छाननीतून बाहेर पडलेल्याने आग्रह धरणं हीसुद्धा शिफारसच. त्यावर मला उत्तर सुचत नाही.

केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला 173 वा नियम सांगतो की निविदा नाकारली गेली तर प्रश्न विचारण्याची सोय निविदेच्या कागदपत्रांतच हवी. अण्णांनी ती वापरली नाही. “तुझ्याच ऑफिसात तुझ्याविरुद्ध अर्ज करू?” एवढंच म्हणाले. अर्ज माझ्याविरुद्ध नसता, हे मी वहिनींना परोपरीने सांगितलं. त्यांना ते पटलेलं नाही.