आधी जात ओळखायची, मग टाकी भरायची : आमची वाटचाल

पुण्यातील आमच्या शोभेच्या माशांच्या छोट्या व्यवसायाची सुरुवात गप्पी आणि मोली यांच्या पैदाशीपासून झाली. गोड्या पाण्यातील गोबी या लहान माशांकडे आम्ही वळलो ते गिऱ्हाइकांच्या एकाच तक्रारीमुळे: हौसेने नेलेली बम्बलबी गोबी काही आठवड्यांत खंगून मरते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे हे ब्रॅकीगोबियस वंशातील मासे बाजारात सर्रास ‘झॅन्थोझोनस’ या नावाने विकले जातात. प्रत्यक्षात ती जात व्यापारात क्वचितच येते आणि हाती पडते ती बहुधा डोरिए, सबानस किंवा नूनस (जिचे वर्णन निसर्गअभ्यासक हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये केले) यांपैकी एखादी जात. नूनसला खाडीकडचे मचूळ पाणी चालते, तर मलेशियातील झॅन्थोमेलास ही जंगलातील मऊ, गोड्या पाण्यात राहणारी जात आहे; त्यामुळे टाकीत मीठ घालावे की नाही, याचे उत्तर जात ओळखल्याशिवाय देताच येत नाही. म्हणूनच नवा माल आला की आम्ही आधी भिंग घेऊन पट्ट्यांची मांडणी आणि खवल्यांची संख्या तपासतो आणि खात्री न पटल्यास लेबलवर फक्त वंशाचे नाव लिहितो.

खंगण्याचे दुसरे कारण खाद्याचे होते. हे मासे कोरड्या दाण्यांना सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून डॅफ्निया आणि आर्टेमिया या जिवंत खाद्य म्हणून दिल्या जाणाऱ्या बारीक जलजीवांची पैदास हा आमच्या व्यवसायाचा अर्धा भाग झाला. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात मादी अंडी घालते आणि नर ती राखतो, इथपर्यंत सारे सुरळीत असते. खरी कसोटी पिलांची लागते, कारण ती इतकी बारीक असतात की सुरुवातीला त्यांना आर्टेमियाही गिळता येत नाही आणि रोटिफर या त्याहूनही सूक्ष्म जीवांची तजवीज आधीच करून ठेवावी लागते.

पीकॉक गोबीने आम्हाला आर्थिक आधार दिला. पापुआ न्यू गिनीतील हा मासा खरे तर गोबी कुळातला नाही: गोबींचे पोटाकडील पर जुळून त्यांची चकती बनलेली असते, याचे ते सुटे असतात. गिऱ्हाईक नवखे असेल तर पैदाशीसाठी आम्ही आधी हाच मासा सुचवतो.

स्टिफोडॉन या गोबीबाबत मात्र आम्ही अतिशय काटेकोर आहोत. ओढ्यातील दगडांवरचे शेवाळ खरवडून जगणारा हा मासा लख्ख धुतलेल्या टाकीत उपाशी राहतो, म्हणून त्याच्यासोबत गच्चीवरील उन्हात शेवाळलेले दगड आम्ही विनामूल्य देतो. त्याची नुकती जन्मलेली पिले प्रवाहाबरोबर समुद्रात जातात आणि वाढून पुन्हा नदीत शिरतात. घरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत ती वाढत नाहीत, हे विक्रीपूर्वीच स्पष्ट सांगतो, मग विक्री हुकली तरी चालेल.

याउलट 2009 मध्ये वर्णन झालेल्या चीनमधील ऱ्हिनोगोबियस झोउई या जातीचे सारे जीवन गोड्या पाण्यातच जाते. तिची अंडी मोठी असतात आणि पिले लवकरच आर्टेमिया खाऊ लागतात. तिला थंड, वाहते पाणी लागते आणि पुण्याचा एप्रिल-मे सोसत नाही, म्हणून चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) बसवलेली स्वतंत्र खोली सध्या आम्ही उभारत आहोत. ती पूर्ण होईपर्यंत या जातीची मागणी आम्ही नोंदवून ठेवतो, पण आगाऊ पैसे घेत नाही.