आंबोलीचं पाणी, दोन्ही उतारांवरचं

आंबोलीला जायचं ठरवणाऱ्याला मी आधी एवढंच सांगतो: शनिवार-रविवार टाळा आणि मुक्काम करा. घाटातल्या मोठ्या धबधब्याखाली भिजायचं, कणीस खायचं, फोटो काढायचे आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचं, असं करून आलेले लोक ‘आंबोली पाहिली’ म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. तो धबधबा देखणा आहेच, त्यात वाद नाही. पण आंबोलीचं खरं वैभव घाटमाथ्यावर पसरलंय, आणि त्यातलं निम्मं तर अंधार पडल्यावरच दिसतं.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही पुण्याहून गाडीने निघालो. मी, बायको, माझी ताई आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा. कोल्हापूर मागे टाकून निपाणीला महामार्ग सोडला आणि उत्तूर, आजरा करत आंबोली गाठली. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, चहा-नाश्ता धरून अख्खा दिवस जातो. निघण्यापूर्वी एक गोष्ट न चुकता बघा, ती म्हणजे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. नदी फारच चढली की शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी येतं. 2019 आणि 2021 मध्ये त्यामुळे वाहतूक बंद पडली होती आणि लोक गाड्यांसकट अडकून पडले होते. पातळी इशाऱ्याच्या जवळ असेल आणि पाऊस थांबत नसेल, तर बेत पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

गाडी नसेल तरी अडत नाही. कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरायचं. स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब आहे, तिथून रिक्षाने सावंतवाडी बसस्थानक, आणि पुढे घाट चढून वर नेणाऱ्या एसट्या मिळतात. सावंतवाडी ते आंबोली हे अंतर तीसएक किलोमीटर. कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आणि बेळगावहूनही सावंतवाडीच्या गाड्या आंबोलीवरूनच जातात. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून ठेवलात तर गावात फिरायला रिक्षा किंवा जीप तेच ठरवून देतात.

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटरवर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या या कड्यावर आदळून वर चढतात आणि तिथेच रिते होतात. वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे पुण्यात पडतो त्याच्या जवळजवळ दहापट. पण मला त्या आकड्यापेक्षा जास्त ओढ आहे ती त्या पाण्याच्या वाटणीची. माथ्यावर पडलेला पाऊस पश्चिमेला कलला तर घाटातून उड्या मारत खाली दाणोलीकडे जातो, तेरेखोल नदीला मिळतो आणि थोड्याच अंतरावर अरबी समुद्रात पोचतो. तोच पाऊस पूर्वेकडे वळला तर हिरण्यकेशी होतो. मग आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, पुढे घटप्रभा, कृष्णा आणि शेवटी थेट बंगालचा उपसागर. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी सपाटीवर, उभं राहून पायाखालून वाहणारं पाणी कुठल्या बाजूला चाललंय हे बघायचा नाद भाच्याला असा लागला, की नंतर प्रत्येक ओहोळापाशी थांबणं आलं!

म्हणून माझ्या मते सुरुवात हिरण्यकेशीच्या उगमापासून करावी. गावापासून थोड्या अंतरावर, आत झाडीत महादेवाचं देऊळ आहे. देवळाला लागून कातळात गुहा आहे, तिच्यातून नदी बाहेर येते आणि पुढच्या कुंडात पडते. सकाळी लवकर गेलो तेव्हा पुजारी आणि आम्ही, एवढेच होतो. कुंडातलं पाणी एवढ्या पावसातही नितळ होतं. याच पाण्यात एक इवलासा रंगीत मासा सापडला. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद केली आणि नदीवरूनच त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. त्या माशाचं अवघं जग म्हणजे एवढंसं पाणी. म्हणून इथे साबण, शाम्पू, निर्माल्य, खाऊची पाकिटं, काही म्हणजे काही पाण्यात जाऊ देऊ नका. मासे बघायला हात घालू नका. काठावर शांत बसलात तर ते आपणहून दिसतात.

नांगरतास धबधबा पूर्वेकडच्या रस्त्यावर, आंबोलीपासून दहाएक किलोमीटरवर आहे. रस्त्याला खेटूनच असल्यामुळे बरेच जण गाडीतूनच बघून पुढे जातात. असं करू नका. हा उंच कड्यावरून कोसळणारा धबधबा नाही. सपाटीवरून निवांत वाहणारं पाणी अचानक एका अरुंद, काळ्या घळीत घुसतं. कोणी तरी नांगराचं तास ओढावं तशी ती घळ दिसते. वरून वाकून पाहिलं की तळ दिसत नाही, नुसता घुमणारा आवाज आणि तोंडावर येणारे तुषार. कठड्याला हात लावला तर तो थरथरत असल्याचं जाणवतं. इथे पाण्यात उतरायचा विचारसुद्धा करू नये. घळीच्या वरच्या बाजूचं पाणी घोटाभर दिसतं आणि म्हणूनच फसवं आहे. खडक शेवाळलेले आहेत, आणि पाय सरकला तर पुढे थेट ती घळ.

कावळेसाद मात्र वेळ राखून करायची जागा आहे. गेळे गावाच्या हद्दीत, आंबोलीपासून आठेक किलोमीटरवर हा कडा आहे. सड्यावरून चालत जाताना दोन्ही अंगांनी छोटे ओहोळ सोबतीला असतात. आम्ही पोचलो तेव्हा समोर पांढरं धुकं आणि त्यात वाऱ्याचा घोंघाट, बाकी काहीच नव्हतं. आजूबाजूचे लोक पाच मिनिटं थांबून कंटाळून परत फिरत होते. कणसांच्या टपरीवरच्या मावशी ताईला म्हणाल्या, “जाव नकात, वायच थांबा. वारो इलो की उघडतला.” आम्ही थांबलो. अर्ध्या तासाने धुकं एका बाजूने फाटलं आणि समोरची अख्खी दरी, तिच्या भिंतीवरून सुटलेल्या दुधाळ धारांसकट, उघडी पडली. जवळच्या ओहोळाचं पाणी कड्याच्या टोकापर्यंत जात होतं, जेमतेम हातभर खाली पडत होतं, आणि दरीतून चढणारा वारा ते उचलून पुन्हा आमच्या अंगावर आणून टाकत होता. खालून वर येणारा पाऊस! ताईचा रेनकोट खालच्या बाजूने आतून भिजला. वाऱ्याचा जोर जरा कमी झाला की धार सरळ खाली सुटायची, जोर आला की पुन्हा वळून वर. भाचा किती तरी वेळ एकाच धारेकडे बघत उभा होता, मोबाईल खिशात ठेवून, आणि मला त्याचंच फार बरं वाटलं.

तिथे कठडा आहे. तो ओलांडू नका, फोटोसाठी नाही आणि आणखी कशासाठीही नाही. या कड्यावरून पडून माणसं गेली आहेत. ओला जांभा आणि त्यावरचं गवत साबणापेक्षा निसरडं होतं, वारा एका झटक्यात दिशा बदलतो, आणि धुक्यात कड कुठे संपते ते कळत नाही. छत्री नेऊच नका. ती उलटी होते आणि तिच्याबरोबर माणूस ओढला जातो. लहान मुलांचा हात सोडू नका. बाटल्या घेऊन आलेल्या टोळक्यांपासून लांब उभं राहावं. संध्याकाळी चारनंतर इथे थांबण्यात अर्थ नाही, कारण धुकं दाटलं की परतीचा रस्ताही नीट दिसत नाही.

घाटातला मुख्य धबधबा आम्ही बुधवारी सकाळी आठच्या सुमारास केला. गावाच्या खाली घाट उतरायला लागलं की तीनेक किलोमीटरवर तो रस्त्यालगतच आहे. माणशी थोडंसं तिकीट आहे, पायऱ्या आहेत, आणि सकाळी एवढ्या लवकर गर्दी नसते. पाणी टप्प्याटप्प्याने येत असल्यामुळे खालच्या टप्प्यात पोराबाळांनाही भिजता येतं. मात्र वरच्या टप्प्यावर चढू नका आणि पाणी गढूळ झालं, त्याचा आवाज बदलला किंवा त्यातून काटक्या-पानं येऊ लागली तर ताबडतोब बाहेर या. याचा अर्थ वर कुठे तरी जोराचा पाऊस झालाय. शनिवार-रविवारी याच जागी गाड्यांची रांग लागते, दोन-दोन तास घाट हलत नाही, आणि दरड कोसळली तर सुटका नाही. वळणावर गाडी उभी करून उतरणाऱ्यांमुळे सगळ्यांचाच खोळंबा होतो. वाहनतळ पुढे असला तरी तिथेच गाडी लावा आणि चालत या. माकडं धीट आहेत, हातात पिशवी मोकळी ठेवू नये.

आता रात्रीबद्दल. आंबोली म्हणजे बेडकांचं गाव आहे, आणि याच एका कारणासाठी मी मुक्कामाचा एवढा आग्रह धरतो. स्थानिक निसर्ग अभ्यासक जेवणानंतर छोट्या गटांना घेऊन फिरतात. मुक्कामाच्या ठिकाणी आधी सांगून ठेवलं तर व्यवस्था होते. आमच्याबरोबर गावातलाच एक तरुण होता. रस्त्याकडेच्या एका डबक्यावर झुकलेल्या फांदीपाशी तो थांबला आणि टॉर्चचा झोत पानाच्या बाजूला पाडला, पानावर नाही. पानांना चिकटून मुठीएवढा पांढरा फेस होता. मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी घालते. अंडी फुटली की पिल्लं टपटप खालच्या पाण्यात पडतात. फेस वरून सुकून पापुद्र्यासारखा झाला होता आणि त्याच्या खालच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. थोडं पुढे नर दिसला. पोपटी हिरवा, डोळे मोठे, बोटांमधला पडदा नारिंगी-लाल. तो दोन फांद्या ओलांडून पलीकडे झेपावला तेव्हा बायकोच्या तोंडून “अगं बाई!” निघालं आणि बेडूक पानाआड गेला. त्याच फेरीत मलबारी चापडाही दिसला, फांदीवर वेटोळं करून बसलेला, जराही न हलता. विषारी आहे, म्हणून कुठल्याही झाडाला, कठड्याला न बघता हात लावायचा नाही.

जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारा ‘आंबोली टोड’ बघायचा असेल तर मात्र जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या सुमारास जावं लागेल. अंगावर पिवळे पट्टे असलेला हा चिमुकला जीव सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो आणि त्याचा तो काळ थोडाच असतो. 2009 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि त्याचं अस्तित्व अतिशय धोक्यात असल्याचं मानलं जातं. म्हणूनच सड्यावर गाड्या घालू नका. आपल्याला जे चिखलाचं पाणी दिसतं, त्यात त्याची पुढची पिढी असते. बेडूक हातात घेऊ नका, फ्लॅश मारू नका. रात्री घाटमाथ्यावर गाडी चालवावीच लागली तर अगदी सावकाश चालवा, कारण रस्त्यावर बेडूक, खेकडे, साप सगळेच असतात.

जळवांची फार धास्ती घेऊ नका. लांब मोजे पँटवर ओढून घ्या, मोज्यांवर मीठ चोळा. चिकटलीच तर ओढून तोडू नका, नखाने बाजूला सरकवा. रक्त थोडा वेळ वाहतं, मग थांबतं. बूट जाड पकडीचे हवेत आणि जुने असले तरी चालतील, कारण ते परत येईपर्यंत वाळणार नाहीत. वर्तमानपत्राचे कागद बरोबर न्या आणि रात्री बुटांत कोंबा. कपड्यांच्या जास्तीच्या जोड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा. हवेत एवढा दमटपणा असतो की सुती काही वाळत नाही. मोबाईलचं नेटवर्क कावळेसादला आणि आतल्या वाड्यांत जातं-येतं, वीजही जाते, म्हणून रोख पैसे आणि चांगली टॉर्च जवळ असू द्या. धुक्यात गाडीचे दिवे डिपरवरच ठेवा. अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

जेवणात मासे हवेत असं ठरवून जाणाऱ्यांनी लक्षात घ्या, जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या काळात ताज्या माशांचा हट्ट न धरता कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणि सोलकढी मागा. पावसात भिजून आल्यावर गरम पिठी-भातासारखं सुख नाही, आणि हे जेवण घरगुती खाणावळींतच चांगलं मिळतं. सकाळी सांगून ठेवावं लागतं.

केव्हा जावं? पाण्यासाठी जुलै-ऑगस्ट, बेडकांसाठी जून ते ऑगस्ट, आणि पाऊस झेपत नसेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध. तेव्हा धबधबे बारीक होतात पण अजून चालू असतात, दऱ्या स्वच्छ दिसतात आणि सडे फुलांनी भरलेले असतात. दिवाळीनंतर घाटातल्या बहुतेक धारा आटतात. हातात आणखी एक दिवस असेल तर चौकुळमार्गे कुंभवड्याचा बाबा धबधबा करावा. खासगी जागेत आहे, प्रवेशशुल्क घेतात, पण पाण्याच्या पडद्यामागे उभं राहायला मिळतं.

परतताना आम्ही आजऱ्याला रामतीर्थावर थांबलो. उगमाशी हातभर दिसलेली हिरण्यकेशी इथे कातळांवरून रुंद, तांबडी होऊन वाहते. पावसाळ्यात देवळाच्या खालच्या कातळांवर उतरू नका, वरूनच बघा. आणि बाजारातून आजरा घनसाळ तांदूळ घ्यायला विसरू नका. त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. दुकानदाराकडून मूठभर हातावर घेऊन चोळून वास घ्या, अस्सल असेल तर लगेच कळतं.